मातीकामाचं पुस्तक निवडायचं कसं, आणि ते आपल्या काळ्या मातीला लावायचं कसं

मराठवाड्यात मातीकाम करणाऱ्या प्रत्येकानं, मग तो पिढ्यान्‌पिढ्या माठ, रांजण, पणत्या करणारा असू दे नाहीतर शिक्षण झाल्यावर आवडीनं चाक घेतलेला, एक तरी चांगलं संदर्भ पुस्तक जवळ ठेवावं असं माझं एकदम पक्कं मत आहे. व्हिडिओ बघून हात कसा धरायचा ते कळतं, त्यात वाद नाही. पण व्हिडिओतला माणूस बहुतेक वेळा पिशवीतली तयार माती फोडतो आणि इलेक्ट्रिक भट्टीत भाजतो, आणि आपण तळ्यातला गाळ आणतो, त्यात चुनखडीचे खडे असतात, उन्हात ठेवलं की दोन तासांत काठाला चीर जाते आणि ह्यातलं काहीच त्या व्हिडिओत होत नसतं. तेव्हा असं का झालं हे सांगणारं काहीतरी हाताशी लागतं, आणि ते काम पुस्तक जेवढं नीट करतं तेवढं दुसरं काहीच करत नाही.

आता पुस्तक म्हणजे कुठलंही नाही. दुकानात किंवा ऑनलाइन बघाल तर रंगीत फोटोंची, कप-वाट्यांच्या डिझाइनची, 'सोपे ५० प्रकल्प' टाइपची पुस्तकं लई आहेत. ती बघायला छान असतात पण दुसऱ्यांदा उघडायची वेळ येत नाही. आपल्याला हवं ते पुस्तक वेगळं, आणि ते ओळखायची माझी पद्धत अशी, की पहिल्यांदा शेवटची पानं उघडायची, म्हणजे सूची. सूचीच नसेल तर ते संदर्भ पुस्तक नाहीच, खाली ठेवा. सूची असेल तर त्यात चार गोष्टी शोधायच्या: चुना, आकसणं, तडे, आणि कमी तापमानाचं भाजकाम. इंग्रजीत असेल तर लाइम, श्रिंकेज, क्रॅक, अर्दनवेअर ह्या नावांखाली बघा. चारही सापडले की एकेक पान उघडून वाचा, आणि तिथं फक्त 'असं करू नका' एवढंच लिहिलंय का 'असं ह्या कारणानं होतं' असंही लिहिलंय ते बघा. कारण देणारं पुस्तकच घ्यायचं. कृती देणारं पुस्तक त्याच्याच मातीपुरतं चालतं, कारण देणारं पुस्तक तेरला, पैठणला, भोकरदनला कुठंही चालतं.

कारण कळण्याचा फायदा काय ते आपल्याच मातीवरून सांगतो. आपली काळी माती बेसाल्ट म्हणजे काळ्या दगडापासून झालेली. तिच्यात जे चिकणमातीचं खनिज जास्त असतं त्याला माँटमोरिलोनाइट म्हणतात, त्याचे कण अतिशय बारीक आणि पापुद्र्यांचे, आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. म्हणून पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच भांड्यात होतं. ती चिकट इतकी की चाकावर हाताला ओढते, आणि वाळताना इतकी आकसते की काठ आधी वाळला आणि बूड ओलं राहिलं की चीर आलीच. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ह्यावर राख, वाळू, घोड्याची लीद घालायचा उपाय शोधला तो उगं नाही. वाळू-राख आकसत नाही, त्यामुळं एकूण आकसणं कमी होतं आणि पाणी बाहेर यायला वाट मिळते, लिदीतला चारा आव्यात, म्हणजे आपल्या उघड्या भट्टीत, जळून जातो आणि बारीक पोकळ्या ठेवतो. हे एकदा वाचलं की मग किती घालायचं हे तुम्ही स्वतः मोजून ठरवू शकता, आणि लीद मिळेना झाली तर तिच्या जागी भुसा नाहीतर भाताचं तूस का चालेल तेही समजतं.

दुसरी गोष्ट चुनखडीची, आणि ह्यावर मी जरा जास्तच बोलणार कारण नवीन भट्टी घेतलेल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतंय. माठ, पणती भाजून छान लाल निघते, चार-आठ दिवसांनी बघावं तर पृष्ठभागावरून टिकली उडालेली आणि मधे पांढरा ठिपका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं तर ते म्हणतात आमच्या वेळेला असं होत नव्हतं, माती तीच आहे. दोघंही खरं बोलतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढं फुटायला लागतं आणि ९०० पर्यंत त्याचा कळीचा चुना होतो. तो चुना नंतर हवेतलं पाणी ओढतो, फुगतो आणि वरचा थर उडवतो. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या लावून पेटवलेला उघडा आवा साधारण ७०० ते ९०० च्या मधे राहतो, बऱ्याचदा ७०० च्याच जवळ, म्हणून त्यात चुनखडी बरीचशी तशीच राहून जाते. नवीन भट्टी सगळीकडे सारखी ९५०-१००० ला जाते आणि प्रत्येक खड्याचा चुना होतो. म्हणजे भट्टी चांगली झाली म्हणून दोष वर आला! हे कारण न कळता लोक माती बदलतात, भट्टीवाल्याला शिव्या देतात, पणत्यांच्या ऐन सिझनला माल परत घेतात.

उपाय पण पुस्तकातच असतात, कारणाच्या शेजारीच. माती पाण्यात पूर्ण विरघळवून ६० ते ८० मेशच्या (म्हणजे एका इंचात तेवढी भोकं असलेल्या) चाळणीतून गाळायची, म्हणजे मोठे खडे निघून जातात आणि जो बारीक चुना राहतो तो एवढा बारीक असतो की त्याचा टवका उडत नाही. आणायच्या आधीच तपासायचं असेल तर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाकायचं, फसफसली तर चुना आहे. आणि भाजून झालेल्या भांड्यांना भट्टीतून काढल्याबरोबर, म्हणजे कोमट असतानाच, पाण्यात पूर्ण बुडवून भिजवायचं हाही जुना उपाय आहे, विटांना पण करतात, त्यानं चुना एकदम आणि सगळीकडून विरतो.

आता पुस्तकांची नावं. चांगली बहुतेक इंग्रजीतच आहेत, त्याला इलाज नाही, पण ती कशी वाचायची ते पुढं सांगतो. फ्रँक आणि जॅनेट हॅमर ह्यांचा 'पॉटर्स डिक्शनरी' हा कोश १९७५ ला पहिल्यांदा निघाला, त्यात प्रत्येक कच्चा माल, प्रत्येक दोष, प्रत्येक क्रिया एबीसीडीच्या क्रमानं दिलीय, अडलं की तेवढंच पान काढायचं. एकच घ्यायचं असेल तर मी हेच घ्या म्हणेन. डॅनियल ऱ्होड्सचं 'क्ले अँड ग्लेझेस फॉर द पॉटर' १९५७ चं, माती आणि ग्लेझ म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचं शास्त्र पायरी-पायरीनं समजून घ्यायला उत्तम. आणि तिसरं मायकेल कार्ड्यूचं 'पायोनियर पॉटरी', १९६९. हा माणूस इंग्लंडचा, पण त्यानं बरीच वर्षं पश्चिम आफ्रिकेत, घानात आणि नायजेरियात काम केलं, आणि आजूबाजूला मिळणारा दगड, माती, राख ह्यातूनच सगळं उभं कसं करायचं हेच त्या पुस्तकात आहे. सप्लायरचं दुकान कोसो दूर असलेल्या माणसाला ते फार जवळचं वाटतं. वाचायला जड आहे, पण आपल्यासारख्यांसाठी तिन्हीत सगळ्यात कामाचं.

विकत घ्यायच्या आधी चाळून बघायला मिळालं तर पैसे वाचतात. मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला सिरॅमिकचा विभाग आहे, आणि बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योगची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, तिकडं कुणी ओळखीचं शिकत असेल तर त्याला सूचीचे फोटो पाठवायला सांगा. छत्रपती संभाजीनगरच्या चित्रकला महाविद्यालयातही विचारायला हरकत नाही. सेकंडहँड प्रत चालते, उलट ती बरी, चिखलाचे हात लागले तर जीव हळहळत नाही. पण जुनी आवृत्ती असेल तर एक गोष्ट डोक्यात फिट करून ठेवा.

ती म्हणजे शिसं. जुन्या पुस्तकांत कमी तापमानाच्या ग्लेझसाठी शेंदूर, मुर्दाडशिंग, सफेदा हे सर्रास दिलेलं असतं, कारण शिशानं ग्लेझ लवकर वितळतं आणि चमकतं. आपल्या घरात त्याच भांड्यात ताक, चिंचेचं सार, कैरीचं लोणचं जाणार. आंबटानं शिसं सुटतं आणि पोटात जातं, लहान लेकरांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. तशी कृती दिसली की पेनानं त्या पानावर आडवी मोठी फुली मारा, म्हणजे उद्या तुमच्या पोरानं किंवा कामावरच्या माणसानं पुस्तक उघडलं तरी तो ते करणार नाही. बेरियम कार्बोनेट आणि मँगनीजच्या पावडरीचंही तसंच, आणि कोरड्या मातीची, गारगोटीच्या पावडरीची धूळ तर रोजची वैरीण, ती फुफ्फुसात बसते ती निघत नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

पुस्तक हातात आलं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत बसू नका, कंटाळा येऊन कपाटात जाईल. तुमचा आत्ताचा जो दोष आहे तिथून सुरू करा. समजा तडे जातायत. मग तड्यांचं पान काढा आणि आपलं फुटलेलं भांडं शेजारी ठेवून वाचा. बुडाला इंग्रजी एसच्या आकाराचा तडा असेल तर बूड नीट दाबलं गेलं नाही आणि तिथं पाणी साचून राहिलं. काठाला रुंद आणि खाली निमुळता होत आलेला असेल तर तो वाळतानाचा. ग्लेझ केलेल्या भांड्यात तड्याची धार बघायची: ग्लेझ धारेवरून गोल होऊन आत उतरलं असेल तर तडा ग्लेझ वितळायच्या आधीचा, आणि धार पात्यासारखी तीक्ष्ण असेल तर तो थंड होताना गेलेला, म्हणजे भट्टी लवकर उघडली. ह्याच्या मागं क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचं खनिज आहे, ५७३ अंशाला त्याचं आकारमान एकदम बदलतं, चढताना वाढतं आणि उतरताना घटतं, म्हणून त्या टप्प्यावर घाई करायची नाही. आणि भांडं आतल्या आत स्फोट होऊन फुटलं तर लोक म्हणतात हवेचा बुडबुडा राहिला, पण खरं कारण ओल असते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. जाड बुडाची भांडी असतील तर १०० अंशाच्या खालीच बराच वेळ धग द्या, पावसाळ्यात तर जास्तच.

मापांची भानगड आधीच सोडवून ठेवा. ह्यातल्या काही पुस्तकांत तापमान फॅरनहाइटमधे असतं, त्यातून ३२ वजा करून ५ नं गुणायचं आणि ९ नं भागायचं, म्हणजे २२३२ फॅरनहाइट म्हणजे १२२२ सेल्सिअस. पिंट दोन प्रकारचे, ब्रिटिश ५६८ मिली आणि अमेरिकन ४७३ मिली, लेखक कुठला ते बघून हिशोब करायचा. आणि कोनचा, म्हणजे ठरावीक धगेला वाकणाऱ्या, भट्टीत ठेवायच्या छोट्या सुळक्याचा, आकडा नीट वाचा: कोन ०६ आणि कोन ६ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ०६ म्हणजे जवळपास १००० अंश, ६ म्हणजे जवळपास १२२०. पुढं शून्य लागलं की आकडा वाढेल तसं तापमान कमी. कोन हा नुसतं तापमान दाखवत नाही, किती वेळ धग बसली तेही त्यात येतं, म्हणून मीटर असला तरी कोन ठेवावा असं प्रत्येक चांगलं पुस्तक सांगतं. ह्या सगळ्याचा एक तक्ता हातानं मोठ्या अक्षरात लिहून, लॅमिनेट करून भट्टीजवळ भिंतीला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि हे केलं नाही तर पुस्तक अर्धंच कामाला येतं. पुस्तकासोबत एक जाड वही घ्यायची, दोनशे पानी, आणि पुस्तकातली प्रत्येक चाचणी आपल्या मातीवर करून त्यात लिहायची. तीन-चार ठिकाणची माती आणा, तळ्यातला गाळ, नदीकाठची, माळावरची लाल, शेतातली काळी. धरणाचा गाळ काढायचं काम गावात चालू असेल तर ती वेळ साधा, वेगवेगळ्या थरातली माती बघायला मिळते. प्रत्येकीची पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि मातीचं नाव खिळ्यानं कोरा (पेननं लिहिलेलं भट्टीत जातं). वाळल्यावर रेघ मोजा, भाजल्यावर परत मोजा. १० ची ९.२ झाली तर ८ टक्के आकसली. म्हणजे २० सेंटिमीटरचं भांडं हवं असेल तर २० ला ०.९२ नं भागायचं, ओलं भांडं २१.७ चं करायचं. गिऱ्हाइकानं झाकण मागितलं, कुंडीत बसणारी कुंडी मागितली की हा आकडा लागतो.

दुसरी चाचणी पाणी शोषण्याची. भाजलेला कोरडा तुकडा तोला, दोन-तीन तास पाण्यात उकळा, तसाच थंड होऊ द्या, वरवर पुसून परत तोला. २०० ग्रॅमचा २२८ झाला तर २८ भागिले २००, म्हणजे १४ टक्के. इथं पुस्तक डोकं लावून वाचायचं. परदेशी लेखकाला भांडं पाणी न झिरपणारं हवं असतं, त्यामुळं तो जास्त भाजा, शोषण कमी करा असं सांगत राहतो. आपला माठ उलटा आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात माठाच्या अंगातून पाणी झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते म्हणून पाणी गार. जास्त भाजलात तर माठ दणकट होईल पण पाणी कोमटच राहील. म्हणून ज्या माठाचं पाणी गावात नावाजलंय त्याचा एखादा फुटका तुकडा मागून आणा, त्याचं शोषण मोजा आणि तो आकडा वहीत पहिल्या पानावर लिहा. तुमचं पुस्तक तो आकडा देणार नाही, पण तो काढायची पद्धत देतं.

तिसरी, दोन माती मिसळायची. घमेल्याच्या हिशोबानं मिसळलं तर दर वेळी वेगळं होतं, कारण ओल वेगवेगळी असते. गाळलेली पातळ माती एक लिटर मोजून तोला. समजा १५०० ग्रॅम भरली. त्यातून पाण्याचे १००० वजा केले, उरले ५००, त्याला १.६७ नं गुणा, आलं ८३५ च्या आसपास. म्हणजे त्या लिटरमधे तेवढी कोरडी माती आहे. हे सूत्र ब्रोंन्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं पुस्तकात सापडेल, मातीची घनता २.५ धरून मी सोपं केलंय. काळी आणि लाल अशी मोजून मिसळली की पुढच्या वर्षीही तीच माती परत करता येते.

ग्लेझकडे वळणाऱ्यांसाठी थोडक्यात. पुस्तकातली फेल्डस्पार, चिनी माती वगैरे विकत मिळतात, पण आपल्या गावाबाहेर खडी क्रशर असतो, त्याची बारीक पूड म्हणजे बेसाल्टच. ती बारीक चाळून १२५० अंशाच्या आसपास नेली तर वितळून गडद तपकिरी-काळं ग्लेझ होतं, लोखंड असतं ना तिच्यात. साखर कारखान्याच्या भुशाची राख गारगोटीच्या घटकानं भरलेली असते, लाकडाच्या राखेत चुना जास्त, म्हणून दोन्ही राखा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. आव्यात मात्र ह्यातलं काही वितळणार नाही, तेवढी धगच तिथं नसते.

इंग्रजीचं काय करायचं? फोनचा कॅमेरा धरला की पानाचं भाषांतर होतं, पण ते मातीकामाच्या शब्दांना लई चुकवतं, त्यामुळं त्यावर तापमानाचे आणि वजनाचे आकडे सोडून फार भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा घरातली कॉलेजला जाणारी मुलगी, पुतण्या, कुणीतरी शेजारी बसवा, त्यानं वाचायचं आणि चाकावर बसणाऱ्या आजोबांनी, काकांनी सांगायचं की आपण ह्याला काय म्हणतो. पानाच्या कडेला पेन्सिलीनं आपले शब्द लिहीत जा. ह्यात एक मोठा फायदा होतो, जुन्या माणसाच्या हातात जे असतं ते पहिल्यांदाच कागदावर येतं. थापटण्यानं ठोकून आवाज ऐकायचा आणि कच्चं-पक्कं, फुटकं-धड ओळखायचं हे गोरोबाकाकांच्या गोष्टीतून आपल्याला लहानपणापासून माहितीये, आणि पुस्तकातही तीच चाचणी आहे, खणखणीत आवाज म्हणजे धड, बद्द म्हणजे आत तडा. पण कुठल्या मातीला किती राख, कुठल्या महिन्यात कुठल्या बाजूला आवा लावायचा, हे फक्त आजोबांकडं आहे. ते त्याच वहीत त्यांच्या नावानं लिहून घ्या.

तेर जवळ असेल तर एकदा तिथल्या संग्रहालयात वही घेऊनच जा. सातवाहन काळातली भाजलेल्या मातीची भांडी, बाहुल्या तिथं ठेवल्यात. काठाची जाडी, रंग, कुठं काळं कुठं लाल झालंय ते बघा, आणि घरी येऊन पुस्तकातलं धुराच्या भाजकामाचं पान काढा. आव्यात हवा कमी पडली की मातीतलं लोखंड आणि धुरातला कोळसा मिळून भांडं काळं होतं, हवा मिळाली की लाल, हे तिथं काचेमागं दिसतं आणि पानावर त्याचं कारण मिळतं.

इंग्रजी पुस्तक मागवलंय आणि यायला वेळ आहे तोवर मराठी विश्वकोश उघडा, तो ऑनलाइन फुकट आहे, त्यात मातीच्या उद्योगावरची नोंद वाचून काढा, म्हणजे पुस्तक आल्यावर निम्मे शब्द ओळखीचे वाटतील. आणि मातीच्या पट्ट्या आजच करून सावलीत वाळत टाका, त्यांना वाळायला वेळ लागतोच.